गाड्या आणि यंत्रं सोडली तर जर्मनीची लोकप्रिय संस्कृती जगात कुठे पोहोचली आहे?

प्रश्नासोबत तुम्ही लिहिलंय की जपानचं अ‍ॅनिमे आहे, कोरियाच्या मालिका आणि गाणी आहेत, जर्मनीचं मात्र ‘तसं काहीच नाही’. हे साफ चुकीचं आहे. जर्मनीने जगाला पटावरच्या खेळांची एक नवी धाटणी दिली. मोठी माणसं टेबलाभोवती तास-दीड तास बसून ज्या धाटणीचे खेळ खेळतात, ती धाटणी जर्मनीत घडली. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या पटावर बहुधा जर्मनचा एक शब्दही नसतो. लाकूड, वीट, मेंढी यांची चित्रं आणि आकडे, बस्स. नियमांची चार पानं भाषांतरित केली की खेळ दुसऱ्या देशात जातो. गाण्याचं किंवा सिनेमाचं तसं होत नाही.

बाकीचं थोडक्यात सांगतो. डुसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडचा हात डेट्रॉइटच्या टेक्नो संगीतापर्यंत पोहोचला आहे. ‘डेरिक’ ही पोलिसी मालिका १९७४ ते १९९८ चालली आणि शंभराहून जास्त देशांत विकली गेली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचे सुरुवातीचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ विर्शिंग हे दोघेही म्युनिकचे. या प्रत्येकावर स्वतंत्र उत्तर होईल, ते जाणकारांनी लिहावं. मी खेळांवरच लिहिणार.

जर्मन घराघरांत असणारा जुना खेळ आपल्याच पचिशीचा नातू आहे. पचिशी इंग्लंडला गेली, तिथे १८९६ मध्ये लूडो म्हणून तिचं पेटंट झालं. पुढे म्युनिकच्या योझेफ फ्रीडरिश श्मिटने १९०७-०८ च्या सुमारास आपल्या मुलांसाठी त्याच घराण्यातला एक खेळ बनवला: ‘मेन्श एर्गरे डिश निश्ट’. पचिशीतल्या कवड्या गेल्या, एक फासा आला. भिडूंची जोडी गेली, प्रत्येक जण स्वतःपुरता खेळू लागला. पहिल्या महायुद्धात त्याने ३,००० संच लष्करी इस्पितळांना पाठवले आणि सैनिक परत येताना तो खेळ घरी घेऊन आले. पण या खेळात फासा म्हणेल तेच करायचं असतं. कोणती सोंगटी पुढे न्यायची एवढाच काय तो निर्णय. पुढच्या पिढ्यांतल्या जर्मन खेळकर्त्यांनी, म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी, नेमकी हीच गोष्ट बदलली.

बदल घडला तो तीन गोष्टींमुळे. १९७९ पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार सुरू झाला. परीक्षक समीक्षक-पत्रकार असतात, खेळ बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं त्यात नसतात. रोख बक्षीस नाही. पुरस्काराचं लाल सोंगटीचं चिन्ह खोक्यावर छापायचं तर उलट प्रकाशकच परवान्याचे पैसे भरतो, आणि आनंदाने भरतो, कारण ते चिन्ह पाहून सामान्य कुटुंबं खोकं उचलतात. पहिला पुरस्कार तर एका इंग्रज खेळकर्त्याला, डेव्हिड पार्लेटला मिळाला. दुसरी गोष्ट एसेन शहरातला खेळांचा मेळा. १९८३ पासून दर शरद ऋतूत भरतो, चार दिवस चालतो. २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त लोक आले होते. तिथे नुसतं बघायचं नसतं, टेबलावर बसून नवा खेळ खेळून बघता येतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यात तेरा खेळकर्त्यांनी बियरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या: खोक्यावर वरच्या बाजूला आपलं नाव छापलं नाही, तर त्या प्रकाशकाला कुणीही खेळ द्यायचा नाही. प्रकाशकांना झुकावं लागलं. तेव्हापासून पुस्तकावर लेखकाचं असतं तसं खेळावर कर्त्याचं नाव असतं. वोल्फगांग क्रामर, राइनर क्निझिया, उवे रोझेनबर्ग यांच्या नावावर लोक खेळ विकत घेतात. आपल्याकडच्या ‘व्यापार’च्या खोक्यावर कुणाचं नाव आहे ते बघा.

आता ‘कॅटन’. तो बनवणारे क्लाउस टॉयबर हे व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते, म्हणजे कवळ्या आणि दात बनवणारे. श्टुटगार्टच्या कोसमॉसने त्यांचा हा खेळ १९९५ मध्ये काढला आणि त्याच वर्षी त्याला पुरस्कार मिळाला. २०२० पर्यंत त्याचे तीन कोटींहून अधिक संच खपले, चाळीसेक भाषांत. ‘फासे आहेत ना, मग नशिबाचाच खेळ’ हे वाक्य या खेळाबद्दल मी इतक्यांकडून ऐकलं आहे, आणि इतक्यांशी त्यावर भांडलो आहे, की इथे हिशेबच मांडतो.

पटावर १९ षट्कोन: जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी ४, विटांच्या टेकड्या ३, खनिजाचे डोंगर ३, वाळवंट १. वाळवंट सोडून प्रत्येकावर आकड्याची चकती. दोन फाशांची बेरीज तेवढी आली की त्या षट्कोनाच्या कोपऱ्यावर घर असलेल्याला तिथल्या मालाचं (लाकूड, लोकर, धान्य, वीट किंवा खनिज) पान मिळतं. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ६ आणि ८ प्रत्येकी पाच जोड्यांनी येतात, ५ आणि ९ चारांनी, ४ आणि १० तिनांनी, २ आणि १२ एकेकीनेच. चकतीवर आकड्याखाली तेवढेच ठिपके छापलेले असतात. बहुतेक लोक ते मोजतच नाहीत.

समजा एकाने सुरुवातीची दोन घरं अशी ठेवली: पहिलं ६, ५ आणि ९ चे षट्कोन मिळतात त्या कोपऱ्यावर, दुसरं तसंच ८-४-१० वर. ठिपके २४, आकडे सहाही वेगळे. दुसऱ्याने दोन्ही घरं ६-५-९ अशाच कोपऱ्यांवर ठेवली. ठिपके २६, म्हणजे वरकरणी तोच पुढे. पण पहिल्याला ३६ पैकी २४ जोड्यांवर काहीतरी मिळतं, दुसऱ्याला फक्त १३ जोड्यांवर. चौघांच्या एका फेरीत चार वेळा फासे पडतात; त्या चारही वेळा रिकामं राहण्याची शक्यता पहिल्याला सव्वा टक्का, दुसऱ्याला साधारण १७ टक्के. मिळतात तेव्हा दुसऱ्याला दोन-दोन पानं एकदम मिळतात, आणि हातात सातापेक्षा जास्त पानं असताना ७ पडला की निम्मी परत द्यावी लागतात. चार फेकींत निदान एकदा ७ येण्याची शक्यता ५२ टक्के आहे. म्हणजे आठ पानं धरून पाळी संपवणं हा नाणेफेकीसारखा जुगार आहे, आणि तो आपणच निवडलेला असतो. तसंच ८ हा ‘चांगला’ आकडा सलग दहा फेकींत एकदाही न येण्याची शक्यता २२ टक्के. एकाच आकड्यावर सगळं लावून मग फाशांना शिव्या देणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पहिलं घर ठेवण्याआधी विटांच्या तीन षट्कोनांवरचे ठिपके मोजा. तिन्ही मिळून आठाच्या खाली असतील तर डावभर वीट महाग राहणार. रस्त्याला १ वीट १ लाकूड, नव्या घराला वीट, लाकूड, लोकर, धान्य प्रत्येकी १. अशा पटावर विटेसाठी झुरण्यापेक्षा खनिज आणि धान्याकडे वळा: ३ खनिज आणि २ धान्यात घराचं शहर होतं, आणि खनिज, लोकर, धान्य प्रत्येकी १ देऊन विकासपत्ता मिळतो. २५ विकासपत्त्यांपैकी १४ सरदार आणि ५ थेट गुणाचे असतात. तीन सरदार खेळून सर्वांत मोठी फौज झाली की २ गुण. १० गुणांवर डाव संपतो, त्यामुळे हा फार मोठा वाटा आहे.

डाव रटाळ होतो तो बहुतेक वेळा घरगुती नियमांमुळे. सुरुवातीची पानं फक्त दुसऱ्या घराची मिळतात, दोन्हींची नाही. देवघेव ज्याची पाळी आहे त्याच्याशीच करायची. बाकीच्यांनी आपसात व्यवहार सुरू केले की पाळीला किंमत उरत नाही आणि तासाभराचा डाव तीन तास चालतो. विकत घेतलेला विकासपत्ता त्याच पाळीत खेळता येत नाही, गुणाचा सोडून. ‘पहिल्या दोन फेऱ्या चोर नको’ (चोर म्हणजे ७ पडला की एखाद्या षट्कोनावर बसून तिथला माल अडवणारी सोंगटी) असं म्हणणारे घोळके मला अजिबात पटत नाहीत. चोर आणि निम्मी पानं जाणं हाच साठेबाजीवरचा इलाज आहे. तो काढला की लोक पानं धरून बसतात आणि प्रत्येक मालाची १९च पानं असल्यामुळे पेढी रिकामी होते. मग ज्यांना त्या मालाची पानं मिळायची होती ते एकाहून जास्त असतील, तर कुणालाच काही मिळत नाही. खेळकर्त्याने वर्षानुवर्षं घासून बसवलेला हिशेब आपण पहिल्याच संध्याकाळी मोडतो आणि वर खेळालाच नावं ठेवतो. आधी पाच डाव छापील नियमांनी खेळा, मग काय बदलायचं ते बदला.

घरात आठ-दहा माणसं असतील तर कॅटनचा उपयोग नाही, तो तिघा-चौघांचा आहे. तिथे क्रामरचा ‘झेक्स निम्ट’ (6 nimmt!) काढावा, म्हणजे ‘सहावा उचलतो’. १०४ पत्ते, प्रत्येकाला १०, मधे चार रांगा. सर्वांनी एकदम पान उघडायचं आणि ज्याचं पान एखाद्या रांगेत सहावं पडेल त्याने आधीची पाचही उचलायची. पत्ते माहीत असलेल्या आजी-आजोबांना तो दोन डावांत येतो. ‘कार्कासोन’ शिकवणार असाल तर पहिल्या डावात शेतकरी, म्हणजे शेतांवर ठेवायच्या सोंगट्या, बाजूला ठेवा. ७२ फरशांचा तो खेळ सोपा आहे, पण शेतांची मोजणी नव्या माणसाला हमखास चुकते आणि शेवटी भांडणं होतात.

मुंबई-कोकणातल्यांसाठी: पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो आणि पत्ते वाकतात. कॅटनच्या पत्त्यांना ५४ × ८० मिलिमीटरची प्लास्टिकची पाकिटं बसतात, माल आणि विकास मिळून १२० लागतील. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. आज या धाटणीचे सगळे खेळ जर्मन नाहीत. पुरस्कार मिळवणाऱ्यांत अमेरिकन, फ्रेंच खेळकर्ते बरेच आहेत. आणि रिकाम्या बेटावर जाऊन वसाहत करण्याचा विषय या खेळांत सारखा येतो, त्यावर झालेली टीका रास्त आहे. ‘पोर्तो रिको’ या २००२ च्या नावाजलेल्या खेळात मळ्यांवर काम करायला जहाजातून तपकिरी चकत्या उतरतात आणि त्यांना नाव दिलंय वसाहतकरी. त्या बेटाच्या खऱ्या इतिहासात मळ्यांवर गुलाम राबत होते.

दोघंच खेळणार असाल तर क्निझियाचा ‘लॉस्ट सिटीज’ घ्या. ६० पत्ते, पाच रंग. कोणताही रंग उघडला की उणे २० पासून सुरुवात होते, म्हणून हातात त्या रंगाची निदान २० भरतील इतकी पानं दिसत नाहीत तोवर तो उघडू नका.