गुडघ्याची गादी अंतराळात वाढवली तर?

प्रश्न : वडिलांच्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. अंतराळात कूर्चा, म्हणजे हीच गादी, वाढवण्याचे प्रयोग होतात असं वाचलं. तिथे वजनच नसतं, म्हणजे दाब न पडता ती छान वाढत असेल ना?

उत्तर : कूर्चेच्या पेशी वाढवायला लागले तेव्हा मलाही असंच वाटायचं. पण दाब हेच कूर्चेचं खाणं आहे! तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की पाणी बाहेर, उचललं की आत. पोषण पोचायला या ये-जा करण्याची मोठी मदत होते. माझ्या प्रयोगशाळेतल्या बशीत नुसते पडून राहिलेले तुकडे चिमट्याला बुळबुळीत लागायचे. रोज ठरावीक वेळ हलकेच दाबायला लागले, तेव्हा ते चिमट्याला उलटा जोर देऊ लागले. तो जोर मी अजून विसरलेले नाही.

१९९६ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी रशियाच्या 'मीर' अंतराळ स्थानकावर कूर्चेच्या अशाच चकत्या पाठवल्या. विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा ज्याचा करतात, त्याच पदार्थाच्या जाळीवर वासराच्या पेशी. आधी तीन महिने जमिनीवर, मग चार महिने वर. जोडीच्या चकत्या खालीच वाढल्या. पेशी दोन्हीकडे जगल्या. पण वरच्या चकत्या आक्रसून गोल झाल्या, आणि त्यांचा ताठपणा खालच्यांच्या साधारण एक तृतीयांशच भरला. माझ्या मते हा निकाल फार मोलाचा आहे: वजन काढून घेतल्यावर काय काय बिघडतं ते त्यानं उघड केलं. मणक्याच्या दुखापतीनं पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यातही कूर्चा पातळ होत जाते. म्हणून अंतराळवीरासाठी शोधलेला उपाय त्यांच्याही कामाचा.

वजन नसण्याचा फायदा पेशींच्या जुळणीत होतो. २०१८ मध्ये रशियन अंतराळवीर ओलेग कोनोनेन्को यांनी अंतराळ स्थानकावर चुंबकीय क्षेत्रात, जाळीशिवाय, कूर्चापेशींचे गोळे एकत्र आणले.

आता वडिलांविषयी. स्वतःच्याच पेशी वाढवून गुडघ्यात बसवण्याचे निष्कर्ष स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्येच प्रसिद्ध केले. पण ती पद्धत सांधा एरवी धड असून एखाद्या जागीच खळगा पडला असेल तर चालते. सगळीकडून झिजलेल्या गुडघ्याला ती पुरत नाही. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांना आधी एवढंच विचारा : झीज एका जागी आहे, की पसरलेली?