तर्कशास्त्र मागे ठेवू नकोस

पहिल्याच वर्षी भाषाशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्ही घेतलंस, फार बरं केलंस. बहुतेक मुलं तर्कशास्त्र परीक्षेपर्यंत ढकलतात. तू आधी तेच धर. "सगळे आंबे पिकले नाहीत" हे वाक्य घे. काही राहिलेत, की एकही पिकला नाही? नकार 'सगळे'च्या आधी लावायचा की नंतर, ते चिन्हांत मांडून बघ, दोन वेगळी सूत्रं मिळतील. भाषाशास्त्रात अर्थविचाराच्या, म्हणजे शब्द-वाक्यांच्या अर्थाच्या अभ्यासाच्या तासाला हेच लागतं. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचा १८९२ चा अर्थ आणि निर्देश यांवरचा लेख तर दोन्हीकडे कामाला येतो.

ध्वनिविज्ञान मात्र नुसतं वाचून येत नाही. 'चहा' आणि 'चव' मोठ्याने म्हण, जीभ कुठे टेकते ते बघ, मग त्या उच्चाराचं चिन्ह लिही. सुट्टीत मालवणला जाशील तेव्हा आजीला विचारून तिचं मालवणी बोलणं रेकॉर्ड कर आणि पाच मिनिटांचं तरी लिहून काढ. अख्खी दुपार जाते, जाऊ दे.

तत्त्वज्ञानाची दिवसाला चार पानं पुष्कळ झाली. लेखक काय सिद्ध करतोय, ते समासात लिही. आणि भर्तृहरी, म्हणजे जुना संस्कृत वैयाकरण, अभ्यासक्रमात नसला तरी सरांना विचार: अर्थाचा मूळ घटक वाक्य की शब्द, यावर त्याच्या 'वाक्यपदीय' ग्रंथात मोठी चर्चा आहे.