पश्चिम म्हणजे पाठ

प्रश्न असा: ‘पश्चिम’चा मूळ अर्थ काय, आणि ‘पाश्चात्य’मध्ये त एक की दोन?

त दोन. पश्चात् + त्य = पाश्चात्त्य. एक त् शब्दाचा, दुसरा प्रत्ययाचा. ‘पश्चात्ताप’ लिहितानाही हाच घोळ होतो, कारण तिथला पहिला त् ‘पश्चात्’चा आणि दुसरा ‘ताप’चा. ‘त्य’ मराठीत एरवीही आघात देऊनच उच्चारला जातो, म्हणून कानाला फरक कळत नाही. पण शुद्धलेखन निव्वळ कानावर सोडता येत नाही.

पाणिनीने (अष्टाध्यायी ४.२.९८) दक्षिणा, पश्चात् आणि पुरस् या तिघांना एकाच सूत्रात हा ‘त्य’ लावून दिला आहे: दाक्षिणात्य, पाश्चात्त्य, पौरस्त्य (म्हणजे पूर्वेकडचा). ‘दाक्षिणात्य’मधला आ ‘दक्षिणा’चाच आहे, म्हणून तिथे त एकच. मग ‘पौर्वात्य’ कुठून आला? ‘आत्य’ नावाचा प्रत्यय आहे असे समजून कोणीतरी तो ‘पूर्व’ला चिकटवला, दुसरे काय! ‘रूढ आहे’ एवढे म्हणून पुढे सरकणाऱ्या कोशकारांनी निदान ‘पौरस्त्य’ शेजारी छापावा.

आता पश्चिम. अग्रिम, आदिम, अंतिम यांचाच हा भाऊ: पश्च म्हणजे मागे, म्हणून पश्चिम म्हणजे मागचा, शेवटचा. संस्कृतात ‘पश्चिम वय’ म्हणजे म्हातारपण. उगवतीकडे तोंड करून उभे राहा. समोर ते पूर्व, पाठीमागे ते पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण; संस्कृतात उजव्या हातालाही दक्षिणच म्हणतात. यास्काने निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात ‘दिग्घस्तप्रकृतिः’ असे स्वच्छ सांगून ठेवले आहे, म्हणजे दिशेचे नाव हातावरून पडले. (तोच पुढे हाताच्या नावाचा संबंध ‘देणे’ या अर्थाच्या धातूशी जोडू पाहतो, ते मात्र पटत नाही. दक्ष, म्हणजे कुशल, एवढे पुरे आहे.) उत्तर तेवढी शरीरावरून आलेली नाही. उद् + तर, अधिक वरची. नकाशात ती वर असते म्हणून हे नाव पडले असे सांगणाऱ्यांनी शब्द आधीचा की तो नकाशा आधीचा, एवढे तरी पाहावे.

खरी गंमत ‘पश्चिम’च्या जुन्या जोडीदारात आहे: अपर. अर्थ तोच: मागचा, नंतरचा, पश्चिमेचा. पश्चिमेच्या टोकाचा कोकण तो अपरान्त. दिवसाचा उत्तरभाग अपराह्ण. आणि रात्रीचा उत्तरभाग अपररात्र, ज्यातला एक र जिभेने गिळला की उरते आपली अपरात्र! ‘रात्री-अपरात्री’मधली. ‘अप’ म्हणजे वाईट, म्हणून अपरात्र म्हणजे भलती वेळ, ही फोड सर्रास सांगितली जाते. पण लागोपाठच्या दोन र-कारांतला एक गळणे ही जिभेची नेहमीची खोड, आणि शेजारी अपराह्ण धडधडीत उभा आहे. त्यात ‘अप’ कुठे बसवणार? दुपार वाईट असते का? अपरात्र मुळात भलती नव्हती, नुसती उशिराची होती. तिला भलतेपणा आपण चिकटवला.

आणखी एक कोडे. ‘पूर्वी’ म्हणजे समोर, ‘मागे’ म्हणजे पाठीशी. तरी ‘पूर्वी एकदा’ आणि ‘मागे एकदा’ यांचा अर्थ एकच. माझ्या मते ‘पूर्व’ रांगेची भाषा बोलतो: पुढचा तो आधी आला, मागचा नंतर. ‘मागे’ वाटसरूची भाषा बोलतो: चालून झालेली वाट पाठीशी राहते. म्हणून काळात ‘पूर्व’च्या विरुद्ध ‘पश्चिम’ सहसा येत नाही, ‘उत्तर’ येतो: पूर्वार्ध-उत्तरार्ध, पूर्वरात्र-उत्तररात्र. प्रश्नानंतर येते तेही उत्तरच.