जॉब कार्डावर काय लिहिलंय?

प्रश्न : गेल्या वर्षी पाडव्याला आम्ही 14 लाखांची ऑटोमॅटिक गाडी घेतली. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात गर्दी लागली की गिअरबॉक्स तापतो आणि गाडी चढावर थांबते. मागे ट्रक असतो. सर्व्हिस सेंटरला सहा खेपा झाल्या. दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता बघा’. व्हॉट्सॲप ग्रुपवर याच मॉडेलच्या 43 जणांचं हेच रडगाणं आहे. माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिला तिच्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल क्लास ॲक्शन सेटलमेंटचं पोस्टकार्ड घरपोच आलं. तिनं तर कधी तक्रारही केली नव्हती. आपल्याकडे असं होतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी नणंदबाईंना फोन करा आणि ते कार्ड रद्दीत टाकू नका म्हणावं. तिकडे दोन-चार मालक सगळ्यांच्या वतीनं दावा लावतात, तडजोड झाली की कोर्टाच्या हुकमानं बाकीच्यांना नोटीस जाते. ‘मला यात धरू नका’ असं मुदतीत कळवलं नाही, तर माणूस आपोआप त्यात धरला जातो. पैशांसाठी मात्र बहुतेक वेळा फॉर्म भरावा लागतो. म्हणजे गप्प बसलं की पैसेही नाहीत आणि वेगळा दावा लावायचा हक्कही गेला.

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं, धुराच्या चाचणीत फसवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण आठवत असेल. 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीत सुमारे पावणेपाच लाख गाड्या होत्या. मालकानं गाडी कंपनीला परत विकायची किंवा दुरुस्त करून घ्यायची, आणि वर किमान 5,100 डॉलर रोख घ्यायचे. त्याच कंपनीनं भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर बदलायला बोलावल्या. इथल्या मालकांना तसा चेक कुणी पाठवला नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 35(1)(क) म्हणतं, की हित समान असेल तर एक किंवा अनेक ग्राहक, ग्राहक आयोगाच्या (म्हणजे ग्राहक कोर्टाच्या) परवानगीनं, सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतात. अडतं ते ‘समान’ या शब्दावर. बंगळुरूच्या 1134 फ्लॅटांच्या एका प्रकल्पातले 91 खरेदीदार सगळ्यांच्या वतीनं गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये सांगितलं, की सगळ्यांचं हित एकच आहे हे तक्रारीत नीट मांडलेलं नाही. त्या 91 जणांनी आपल्यापुरती एकत्र तक्रार चालवावी. तुमच्या 43 जणांत कुणाचा गिअरबॉक्स तापतो, कुणाचा नुसता धक्के देतो, कुणी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडलेला. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला या फटीत बोट घालील.

म्हणून माझं मत, मोर्चा काढू नका. तुम्ही तुमची तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात लावा (तुम्ही राहता तिथं लावता येते, शोरूम पुण्यात असली तरी) आणि ग्रुपमधल्या ज्यांचा दोष हुबेहूब तुमच्यासारखा आहे त्यांची शपथपत्रं आणि जॉब कार्डं (सर्व्हिस सेंटरला दर खेपेला तक्रार आणि काम लिहितात तो कागद) जोडा. 14 लाखांना फी 400 रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

आता जॉब कार्ड काढा, सहाच्या सहा. माझी पैज आहे, निम्म्यांवर ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं असेल आणि खाली ‘काम समाधानकारक’ यावर तुमची सही. हसत नाही, माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं होतं. क्लच सुटायचा. अकरा कार्डं जमली, त्यातल्या नऊंवर क्लच हा शब्दच नव्हता. वीस वर्षं वकिली करणारी बाई, आणि तारखेला उशीर होतोय म्हणून बॉनेटवर कागद ठेवून न वाचता सही ठोकत होते! पुढच्या खेपेला सर्व्हिस ॲडव्हायझरला तुमच्या शब्दांत लिहायला लावा : ‘चढावर गिअरबॉक्स तापून गाडी थांबते, किलोमीटर इतके, तारीख अमुक.’ तो नाही म्हणाला तर तिथंच उभं राहून ई-मेल करा. पडद्यावर तापल्याचा इशारा येत असेल तर शेजारी बसलेल्याला त्याचा व्हिडिओ काढू द्या. गाडी नेताना सही मागितली तर वर ‘तक्रार कायम’ लिहून मग करा.

नवी गाडीच मिळेल या आशेवर राहू नका. 2006 मध्ये क्लचच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वॉरंटीत भाग बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी नव्हे. तेव्हा मागणी उतरंडीनं लिहा : गाडी बदलून द्या, ते नाही तर किंमत परत, तेही नाही तर नवा गिअरबॉक्स, त्यावर नवी वॉरंटी आणि भरपाई. दोष तपासणीशिवाय ठरणार नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज पहिल्या दिवशीच द्या. कायद्यात अशा तक्रारीला पाच महिने लिहिलेत. ते वाचून मी अजून हसते.

मध्येच डीलरचा फोन येईल : ‘मॅडम, गुडविल म्हणून गिअरबॉक्स फुकट बदलतो, या कागदावर सही करा.’ गिअरबॉक्स जरूर घ्या, पण ‘पुढे कुठलाही दावा राहणार नाही’ ही ओळ खोडल्याशिवाय सही नको.

43 जणांचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली, चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष एखाद्या प्रकारच्या गाडीत असेल, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं. चढावर ट्रकपुढे थांबणारी गाडी याहून वेगळी काय असते? तिथं, म्हणजे केंद्र सरकारकडे, प्रत्येकानं आपापली तक्रार नोंदवावी. व्हॉट्सॲपवरचा अंगठा तिथं मोजत नाहीत.

प्रश्न : मी मालवाहू तीनचाकी चालवतो. नवी घेतली, तीन महिन्यांत इंजिन गेलं. डीलर म्हणतो, धंद्याची गाडी आहे, ग्राहक कोर्टात जाता येत नाही. खरं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्धं खरं सांगतोय. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर तुम्ही ग्राहकच. दहा गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवले असते तर गोष्ट वेगळी. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, की गाडी एकच आहे, मी स्वतः चालवतो आणि घर याच्यावरच चालतं. सोबत लायसन्स आणि कर्जाच्या हप्त्यांचा कागद लावा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करून नोंद घ्यायला लावा. कधीकधी कंपनी तेवढ्यानंच हलते.