आधी छोटे पत्ते बघ

अगं, तुझा मेसेज मिळाला, नव्या टॅरो डेकचे, म्हणजे पत्त्यांच्या संचाचे फोटो पण बघितले, आणि सातच्या सात मेजरचेच, म्हणजे मोठ्या पत्त्यांचेच निघाले! द फूल (म्हणजे वेडा), मून, डेथ, टॉवर... सगळ्यांचं असंच होतं म्हणा, डबा उघडला की पहिले तेच बावीस बाहेर येतात. मूनवरचा निळा फार सुरेख उतरलाय, तो तर मलाच हवाय. पण तू विचारलंस ना की डेक चांगला आहे का नुसता देखणा ते कसं ओळखायचं, तर माझं सरळ मत सांगते, मेजर बघून ते कळत नाही. मृत्यू, सैतान, सूर्य असले विषय हातात आले की कुठलाही बऱ्या हाताचा माणूस भाव खाऊन जातो. खरा कस लागतो तो उरलेल्या छप्पन्न छोट्या पत्त्यांत, आणि त्यातही एक्का ते दहाच्या चाळीस पत्त्यांत. सेव्हन ऑफ पेंटॅकल्सवर, म्हणजे नाण्यांच्या सात्त्यावर, काय काढणार सांग, एक माणूस काठीला टेकून स्वतः लावलेल्या झाडाकडे बघत उभा आहे, एवढंच. तिथे चित्रकाराची अब्रू राहते नाहीतर जाते.

आणि हे चाळीस पत्ते पूर्वी असे नव्हतेच. टॅरो हा मुळात इटलीतला पंधराव्या शतकातला पत्त्यांचा खेळ, भविष्यबिविष्य त्याला बरंच नंतर, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. फ्रान्सचे मार्सेय पद्धतीचे जुने पत्ते बघ, पाच कप्स म्हणजे पाच पेले काढलेले, संपलं. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफात पण तेच की, दशावतारी संचात एकशेवीस गोल पत्ते, दहा रंगांचे बारा बारा, राजा आणि प्रधान सोडले तर मत्स्याच्या सात्त्यावर सात मासे. गोष्ट नाही, मोजणी.

ती गोष्ट आणली चित्रकार पामेला कोलमन स्मिथने. लंडनमध्ये, 1909 साली, गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेटच्या सांगण्यावरून. नाटकवाल्यांमध्ये वावरलेली बाई, म्हणून तिच्या कितीतरी पत्त्यांवर स्टेजसारखी सपाट जमीन आणि मागे पडदा सोडल्यासारखं दृश्य दिसतं. तिच्याही आधी एक डेक असा होता बरं का, सोला बुस्का, इटलीतलाच, पंधराव्या शतकाच्या शेवटचा, त्याचे फोटो 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले होते. तीन तलवारी घुसलेलं हृदय तिथेही आहे आणि हिच्याकडेही, म्हणजे तिने ते बघितले असणार हे उघड आहे. काम संपल्यावर तिने न्यूयॉर्कच्या स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरला पत्रात लिहिलं की मोठं काम झालं, पैसे अगदीच थोडे. (मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले, पाठ्यपुस्तकांची चित्रं काढून माझे केस पिकलेत.) आणि डेकला नाव कुणाचं लागलं, तर प्रकाशक रायडरचं आणि वेटचं. तिची सही मात्र प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात वळवळत बसलीये, शोध म्हणजे सापडेल.

आता एक काम कर. गाइडबुक कपाटात टाक, चार दिवस हात लावू नकोस. चादरीवर चार रांगा मांड, वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी), एक्का ते दहा, आणि शेजारी मोबाइलवर स्मिथचे तेच पत्ते उघड. एट ऑफ कप्सपासून सुरू कर. तिच्या चित्रात खाली पाच पेले, वर तीन, आणि वरच्या रांगेत मधेच एक फट आहे, जणू नववा तिथे असायला हवा होता. तो लाल कपड्यातला माणूस पाठमोरा निघालाय, त्याचं तोंड आपल्याला दिसतच नाही. आता तुझ्या डेकमध्ये बघ, ती फट ठेवलीये का? नसेल ठेवली तर त्याच्या जाण्याला दुसरं काही कारण दिलंय का? का नुसते आठ सुंदर पेले आणि फुलांची वेल? वेल असेल तर समज की इथे चित्रकार थकला.

असंच टेन ऑफ वाँड्सचं. तिच्या माणसाने तोंड काठ्यांत खुपसलंय, समोरचं घर त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतं. नव्या चित्रकाराने बदल केला तर माझी काही हरकत नाही, उलट बदल करावाच, शंभर वर्षं तीच चित्रं नव्या रंगात काढून काय मिळवायचं. पण बदलल्यावर पण त्याचं ओझं माझ्या खांद्यावर जाणवलं पाहिजे.

मेजरवरचे आकडे पण तपास. स्ट्रेंग्थ आठ आणि जस्टिस अकरा असेल तर वेटची परंपरा, उलटं असेल तर जुनी मार्सेयची. यात चूकबरोबर काही नाही, फक्त कुणाच्या घरातलं मूल आहे ते कळतं.

आणि डब्यावर चित्रकाराचं नाव आहे का ते बघ, अगदी आजच. हल्ली बरेच डेक एआयवर पाडलेले असतात, नाइटच्या, म्हणजे घोडेस्वाराच्या पत्त्यावर हाताची बोटं मोजलीस तरी कधी कधी कळतं. नाव नसेल तर विकणाऱ्याला सरळ विचार, लाजू नकोस.

हां, आणि पत्ते बाथरूमशेजारच्या शेल्फवर ठेवू नकोस. माझा पहिला डेक जुलैमध्ये असा फुगला की शफल करताना पुठ्ठा वाटत होता, आणि दोन पत्ते एकमेकांना चिकटले ते सोडवताना एम्प्रेसच्या गालाचा रंगच निघाला. डब्यात सिलिका जेलची पुडी टाक, नव्या चपलांच्या खोक्यात असते ना ती.

एक राहिलंच. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्सवर ते दोघं बर्फातून चाललेत, वर चर्चची खिडकी उजळलेली, पण स्मिथने दार काढलेलंच नाही. तुझ्याकडच्या पत्त्यावर दार आहे का, तेवढा फोटो रात्री पाठव.