मोबाईल हातात असताना गाण्यांसाठी वेगळा छोटा प्लेअर घ्यावा का?

घ्या, असंच मी सांगेन. तुमचं म्हणणं असं की मोबाईलमध्ये सगळी गाणी मिळतात, मग काडेपेटीएवढ्या प्लेअरवर वेगळे पैसे का घालायचे. नुसतं ऐकायचं असेल आणि दिवसभर रेंजमध्ये असाल, तर खरंच गरज नाही. पण गाणं बसवायचं असेल, तर मोबाईलपेक्षा तो छोटा प्लेअर कितीतरी बरा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालं की जंगल लागतं आणि रेंज जाते. पावसाळ्यात लाईटही जाते, तेव्हा मोबाईलचं चार्जिंग फोन करायला राखून ठेवावं लागतं. गाणी प्लेअरच्या मेमरी कार्डात भरलेली असली की यातली कुठलीच अडचण येत नाही.

पण माझं खरं कारण भजन. आमच्या मंडळात मी गातो. भीमसेन जोशींचा अभंग ऐकताना एखादी जागा, म्हणजे सुरांचं छोटंसं सुंदर वळण, येते, पाच-सहा सेकंदांत निघून जाते, आणि आपल्याला नेमकी तीच घ्यायची असते. काही प्लेअरमध्ये ए-बी रिपीट असतं. जागा सुरू होताना एकदा बटण दाबायचं, संपताना पुन्हा दाबायचं. मग तेवढाच तुकडा फिरत राहतो. डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून बसायचं. आधी फक्त ऐकायचं, मग गुणगुणायचं, मग आवाज सोडायचा. मोबाईलवर तीच जागा बोटाने मागे ओढायला गेलं की कधी अलीकडे जातं, कधी पलीकडे; तेवढ्यात कुणाचा तरी मेसेज येतो आणि सूर सुटतो. भजन शिकणाऱ्याने प्लेअर घ्यावा तो या एका सोयीसाठी.

माझ्या कार्डात अभंगांशेजारी भीमसेनांचीच कन्नड दासवाणी (पुरंदरदासांसारख्या संतांची पदं) आहे, मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली बसवेश्वरांसारख्या शरणांची वचनं आहेत आणि कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं आहेत. कुमारजी तर आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. आमच्या भागात घरोघरी हे सगळं एकत्रच ऐकतात.

कुठला घ्यावा? ॲपलचा जुना आयपॉड शफल स्वस्तात मिळाला तरी नको. २००५ साली आलेला तो प्लेअर सुंदर होता, २००६ पासून तर शर्टाला अडकवायची क्लिपही होती. पण त्याला स्क्रीन नाही, कार्ड घालायची सोय नाही, गाणी आयट्यून्ससारख्या ॲपलच्याच सॉफ्टवेअरमधून भरावी लागतात आणि २०१७ साली तो बनवणं बंद झालं. म्हणजे आज मिळेल त्याची बॅटरी जुनीच असणार. बटणं असलेला, मायक्रो एसडी कार्ड घेणारा आणि कॉम्प्युटरला लावून सरळ फाईल टाकता येणारा बघा. कार्ड ३२ जीबीचंच घ्या. त्यापुढची कार्डं एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि बरेच साधे प्लेअर ती वाचत नाहीत. फाईलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला, नाहीतर क्रम बिघडतो. देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसले तर नावं इंग्रजी अक्षरांत करा.

मोबाईलच्या दुकानात गाणी भरून घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. तिथल्या फाईल बहुतेक वेळा दाबून लहान केलेल्या असतात. तबला ऐकू येतो, पण तानपुरा पुसट होतो, आणि शिकणाऱ्याला तर तोच हवा असतो. घरात सीडी असतील तर त्यावरून ३२० केबीपीएसने एमपी३ फाईल करा; हा आकडा जितका मोठा, तितका आवाज कमी दाबलेला. मिनिटाला अडीच एमबीच्या आत जागा लागते, म्हणजे ३२ जीबीत दोनशे तासांहून जास्त गाणं मावतं. आधीच १२८ची असलेली फाईल ३२०ची केली तर मात्र फक्त आकार वाढतो, आवाज तोच राहतो.

बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धं चार्जिंग ठेवून बंद करा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली तर ती पुन्हा चार्ज होईलच असं नाही.

आणि विकत घेताना ए-बी रिपीट आहे का, हे खोक्यावर वाचून समाधान मानू नका. आपलं कार्ड बरोबर न्या, दुकानातच एखादा अभंग लावा आणि स्क्रीनकडे न बघता दोन्ही वेळा बटण नीट दाबता येतं का ते बघा.