प्रॅक्टिकलला हात चालतो, थिअरीत मार्क कमी, खगोलशास्त्राचं काय?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खगोलशास्त्रात जायचं आहे, पण थिअरीत साठ टक्क्यांच्या आसपासच राहते. प्रॅक्टिकल मात्र मनापासून आवडतात. परवा १५,००० रेषांच्या ग्रेटिंगवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, बारीक रेषा आखलेली पट्टी), दुसऱ्या ऑर्डरमध्ये, म्हणजे मधल्या प्रतिमेपासूनच्या दुसऱ्या वर्णपटात, सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमधलं अंतर काढलं. वेळ कमी होता म्हणून एकाच बाजूचं रीडिंग घेतलं. उत्तर ०.५३ नॅनोमीटर आलं, पुस्तकात ०.६ आहे. बाकीच्यांनी रीडिंग जुळवून जर्नलवर सही घेतली. मी जुळवलं नाही, म्हणून सही राहिली. बाबा म्हणतात बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. काय करू?

उत्तर : तुझी सही राहिली हे वाचून मी आधी तुझ्या प्रयोगाचं गणित मांडलं. इंचाला १५,००० रेषा आणि दुसरी ऑर्डर असेल तर ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या रेषांमध्ये जेमतेम साडेतीन मिनिटांचा कोन पडतो (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, बहुतेक एक मिनिट असतो. म्हणजे तू वाचणार एक तर तीन मिनिटं, नाही तर चार. तीन वाचलीस तर ०.५३ येतं, चार वाचलीस तर ०.७१. मधलं ०.६ एका बाजूच्या रीडिंगमधून निघूच शकत नाही! तुझं उत्तर चुकलेलं नाही, त्याच्यापुढे 'अधिक-उणे ०.१८' लिहायचं तेवढं राहिलं. पुन्हा टेबल मिळालं की डावी-उजवी दोन्हीकडची रीडिंग घे आणि फरकाचं निम्मं कर, म्हणजे अर्ध्या मिनिटापर्यंत पोचशील. सरांशी वाद घालू नकोस, हे गणित वहीत मांडून शांतपणे दाखव.

एवढं खोलात शिरलो, कारण खगोलशास्त्राची एक मोठी शाखा दिवसरात्र हेच काम करते. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल तर ताराही किंचित पुढे-मागे हलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे-तांबड्याकडे सरकतात. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलोझ यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ५१ पेगासी या ताऱ्याची अशी हालचाल मोजली. वेग सेकंदाला साठ मीटरपेक्षा कमी आणि ग्रहाची फेरी सव्वाचार दिवसांची. क्वेलोझ तेव्हा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असेल हे पटेना, म्हणून त्याने पहिला संशय स्वतःच्या उपकरणावर आणि प्रोग्रॅमवर घेतला. तारा पुन्हा आकाशात दिसू लागल्यावर जुलैमध्ये दोघांनी परत मोजमाप केलं, तेच उत्तर आलं, आणि मगच जाहीर केलं. २०१९ चं नोबेल त्यांना मिळालं.

आज चांगली उपकरणं सेकंदाला एक मीटरपर्यंत पोचली आहेत. हा वेग तुझ्या सोडियमच्या रेषेत किती दिसेल? तू मोजलेल्या अंतराच्या सुमारे तीन लाखाव्या भागाइतका. डिटेक्टरवर तो एका पिक्सेलच्या हजाराव्या भागाएवढा असतो. साध्या खोलीत स्पेक्ट्रोग्राफ (वर्णपट टिपणारं उपकरण) ठेवला आणि हवेचा दाब एका मिलिबारने बदलला, तर रेषा सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटर वेग असल्यासारखी सरकते. म्हणजे सगळा ५१ पेगासी त्यात बुडून जाईल! म्हणून ही उपकरणं निर्वात टाकीत बसवतात, तापमान अंशाच्या शंभराव्या-हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवतात, दुर्बिणीतला प्रकाश ऑप्टिकल फायबरने आणतात, आणि शेजारी थोरियम किंवा युरेनियमच्या दिव्याच्या रेषा मोजपट्टी म्हणून ठेवतात. त्याहून नेमकी मोजपट्टी म्हणजे लेझरचा फ्रीक्वेन्सी कोम, समान अंतरावरच्या रेषांचा जणू कंगवाच. तो विकसित करण्यातल्या वाट्यासाठी हेन्श आणि हॉल यांना २००५ साली नोबेल मिळालं. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला फक्त नऊ सेंटिमीटर हलतो. दुसऱ्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची अशी पृथ्वी या पद्धतीने अजून कुणालाच सापडलेली नाही, कारण ताऱ्याचा पृष्ठभागच त्याहून जास्त खळबळत असतो. तुझ्या पिढीपुढचं काम हे आहे.

आपल्याकडे हे कुठे चालतं? अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन संस्थेची माउंट अबूला गुरुशिखरावर वेधशाळा आहे. तिथल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस-२' हा स्पेक्ट्रोग्राफ बसवला आहे आणि त्यांनी ग्रह शोधलेही आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत दुर्बिणींची उपकरणं तयार होतात. आदित्य-एल१ या सूर्य अभ्यासणाऱ्या यानावरची सुट ही अतिनील दुर्बीण तिथेच घडली. तिथेच यटर्बियमच्या एका आयनावर चालणारं अणुघड्याळ उभारणारी प्रयोगशाळाही आहे. ताऱ्यांपेक्षा टेबलावरचे लेझर जास्त आवडले तर ते दार बघ. राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं, म्हणजे नेमक्या मोजमापाचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे. बंगळुरूच्या आयआयए या खगोलभौतिकी संस्थेत खगोलीय उपकरणांवरच एम.टेक.-पीएच.डी. करता येते, ते मला तुझ्यासाठी विशेष जवळचं वाटतं.

आता कटू भाग. थिअरी टाळून यातल्या कुठल्याही दारातून आत जाता येणार नाही. जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) किंवा जेस्टमध्ये (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) तुझा हात कुणी बघत नाही, पेपरच बघतात. पदवीला साठच्या खाली घसरू नकोस, काही संस्था किमान टक्केवारी मागतात. जॅमसाठी ऑप्टिक्स, विद्युतचुंबकत्व आणि आधुनिक भौतिकी आधी पक्की कर. मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडव. सोबत पायथन शीक, आणि सुरुवात याच प्रयोगाच्या आकड्यांवर कर : वीस वेळा रीडिंग घे, सरासरी आणि विखुरणं काढ. तो कागद पुढे उन्हाळी प्रकल्पाच्या अर्जासोबत जोडता येईल. तुझ्या टक्क्यांपेक्षा तो तुझ्याबद्दल जास्त सांगेल, असं मला मनापासून वाटतं.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. त्यांची काळजी खरी आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, आणि कायमच्या जागा थोड्या. मात्र पीएच.डी.ला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप आणि घरभाडं मिळतं, पुढे ती ४२,००० होते. पीएच.डी. नको वाटली तर एम.एस्सी.नंतर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलची परीक्षा आहे. ऑप्टिक्स, व्हॅक्यूम, लेझर येणारी माणसं इंदूरच्या आरआरकॅट या लेझर संशोधन केंद्राला, इस्रोला आणि उपकरणं बनवणाऱ्या खासगी कंपन्यांनाही लागतात. आणि शिकवायचंच ठरलं तरी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला बी.एड.सोबत एम.एस्सी. लागतेच. तेव्हा बी.एड.चा निर्णय दोन वर्षांनी घेतला तरी काही बिघडत नाही. जॅमचे फॉर्म मात्र साधारण सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. ती तारीख चुकवू नकोस.